यंत्राच्या हाती खोडरबर

संगणकाला काम सांगायचे आणि ते त्याने एकेक पायरी स्वतःच ठरवून पार पाडायचे, ही कल्पना आता प्रयोगशाळेपुरती राहिलेली नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारे 'एआय एजंट' ई-मेल वाचतात, उत्तरांचे मसुदे तयार करतात, बैठकांच्या वेळा जुळवतात आणि कार्यालयातील संगणक प्रशासकाची किरकोळ कामेही करू लागले आहेत. विनावापर पडून असलेले जुने ई-मेल पत्ते काढून टाकणे, हे असेच एक किरकोळ वाटणारे काम. मात्र या कामासाठी एजंटच्या हाती जे साधन दिले जाते, त्याचे वर्णन किती काळजीपूर्वक लिहिले आहे, यावर एखाद्याचा बँकेशी, सरकारी खात्याशी किंवा ग्राहकांशी असलेला संपर्क टिकणार की तुटणार, हे ठरू शकते. वरवर निव्वळ तांत्रिक भासणारा हा प्रश्न त्यामुळेच केवळ प्रोग्रॅमर मंडळींचा राहिलेला नाही.

एक पेटी, अनेक पत्ते

ई-मेल 'अलायस' म्हणजे मूळ पत्त्याचे टोपणनाव. त्याला टोपणपत्ता म्हणता येईल. टपालपेटी एकच, पण तिच्यावर नावाच्या पाट्या अनेक. लहानशा कंपनीत हिशेब, चौकशी, नोकरभरती, तक्रारी अशा नावांचे पत्ते दिसतात, तेव्हा त्यामागे बहुधा तितकी माणसे नसतात. एकाच कर्मचाऱ्याच्या पेटीत ती सारी पत्रे येऊन पडतात. 'गूगल वर्कस्पेस'मध्ये एका वापरकर्त्याला असे ३० पर्यंत टोपणपत्ते घेता येतात.

व्यक्तिगत वापरातही ही सोय रुळली आहे. 'अ‍ॅपल'ने २०२१ मध्ये 'हाइड माय ईमेल' ही सेवा आयक्लाउडच्या सशुल्क ग्राहकांना दिली. 'मोझिला'ची 'फायरफॉक्स रिले' ही सेवाही त्याच धर्तीची. 'सिम्पललॉगिन' ही अशीच सेवा 'प्रोटॉन'ने २०२२ मध्ये आपल्याकडे घेतली. प्रत्येक दुकानाला, प्रत्येक संकेतस्थळाला वेगळा टोपणपत्ता द्यायचा. त्यावर जाहिरातींचा मारा सुरू झाला, की तेवढाच पत्ता बंद करायचा. खरा पत्ता कोणाच्या हाती लागत नाही, हा त्याचा फायदा.

परंतु याच फायद्यातून जोखीमही जन्मते. संकेतस्थळाच्या दृष्टीने टोपणपत्ता हीच ग्राहकाची ओळख असते. पासवर्ड विसरल्यास नवा पासवर्ड ठेवण्याचा दुवा त्याच पत्त्यावर येतो. प्राप्तिकर किंवा जीएसटीच्या नोंदणीत जो पत्ता दिला, त्याच पत्त्यावर सूचना येतात. टोपणपत्ता पुसला, की पेटीतील जुनी पत्रे जात नाहीत. फक्त पुढची पत्रे येणे थांबते. नुकसान त्या दिवशी दिसत नाही. ते तीन महिन्यांनी, एखाद्या नोटिशीची मुदत उलटून गेल्यावर किंवा खात्यात शिरण्याची वाट बंद झाल्यावर उमगते. कागदपत्र फाडल्यावर निदान त्याचे तुकडे तरी दिसतात. न आलेले पत्र कोणालाच दिसत नाही.

पुसलेला पत्ता पुन्हा दुसऱ्याला देता येत असेल, तर प्रश्न आणखी गंभीर होतो. 'याहू'ने २०१३ मध्ये वर्षभर न वापरलेली खाती मोकळी करून ती नावे इतरांना देण्याचे ठरवले, तेव्हा हाच मुद्दा ऐरणीवर आला होता. जुन्या मालकाची पत्रे, त्याच्या इतर खात्यांच्या किल्ल्या नव्या मालकाच्या हाती पडण्याचा धोका होता. त्यावर तोडगा म्हणून 'याहू' आणि 'फेसबुक'च्या अभियंत्यांनी 'हा पत्ता अमुक तारखेपासून याच माणसाकडे असेल, तरच पत्र द्यावे' अशी अट पत्रासोबत पाठवण्याची पद्धत तयार केली. २०१४ मध्ये ती इंटरनेटच्या मानकांत दाखल झाली. 'जीमेल'चे नाव एकदा काढून टाकले, की ते पुन्हा कोणालाच दिले जात नाही. कंपनीच्या अंतर्गत टोपणपत्त्यांना मात्र हा नियम लागू नाही. आज एका कर्मचाऱ्याकडून काढलेला पत्ता प्रशासक उद्या दुसऱ्याच्या नावे करू शकतो. म्हणजेच 'काढून टाकणे' या एकाच शब्दाचे परिणाम सेवेगणिक बदलतात.

पडद्यावरील सूचना कोणासाठी?

गेल्या काही दशकांत सॉफ्टवेअर उद्योगाने माणसाच्या चुका रोखण्यासाठी पडद्यावर बरेच उपाय योजले. लाल रंगाचे बटण, 'तुम्हाला खात्री आहे का?' असा प्रश्न, पत्ता पुन्हा एकदा टंकायला लावणारी चौकट. 'फायरफॉक्स रिले'वर टोपणपत्ता काढू पाहणाऱ्याला स्पष्ट सांगितले जाते, की तो पुन्हा मिळणार नाही आणि पासवर्ड बदलण्याची पत्रेही यापुढे पोहोचणार नाहीत. 'अ‍ॅपल'च्या सेवेत पत्ता आधी निष्क्रिय करावा लागतो. निष्क्रिय पत्ता हवा तर पुन्हा सुरू करता येतो.

एजंटला मात्र ही चौकट सहसा दिसत नाही. तो पडद्यावरचे बटण दाबण्याऐवजी सॉफ्टवेअरच्या मागच्या दाराने थेट आज्ञा देतो. त्या दारावर एवढेच लिहिलेले असते: साधनाचे नाव, त्याचे वर्णन आणि त्याला कोणती माहिती पुरवायची याचा तक्ता. 'अँथ्रॉपिक' कंपनीने नोव्हेंबर २०२४ मध्ये जाहीर केलेला 'मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल' हा एजंट आणि साधने यांना जोडणारा संकेत आज मोठ्या प्रमाणावर वापरला जातो. 'ओपनएआय'नेही २०२५ मध्ये तो स्वीकारला. त्यातील रचनाही अशीच आहे. वर्णन वाचूनच एजंट ठरवतो, की हे साधन वापरायचे की नाही आणि कधी वापरायचे.

इथेच दस्तऐवजीकरणाचा अर्थ बदलतो. आजवर सॉफ्टवेअरचे माहितीपत्रक म्हणजे अडले तर उघडायचे पुस्तक होते. अनुभवी प्रशासक ते न वाचताही काम करू शके; कारण कोणता पत्ता कोणाचा, कोणता हलवू नये, हे त्याला ठाऊक असे. एजंटकडे कार्यालयाची अशी स्मृती नसते. जे वर्णनात लिहिले, तेवढेच त्याला त्या साधनाविषयी खात्रीने कळते. जे लिहिले नाही, ते तो अंदाजाने भरून काढतो.

एकाच शब्दाचे दोन अर्थ

याचे उदाहरण गूगलच्याच माहितीपत्रकांत सापडते. वर्कस्पेसच्या प्रशासकांसाठी असलेल्या 'डिरेक्टरी एपीआय'मध्ये टोपणपत्ता काढण्याची आज्ञा आहे. तिचे वर्णन अवघ्या एका ओळीचे: टोपणपत्ता काढून टाकते. दुसरीकडे 'जीमेल एपीआय'मध्येही टोपणपत्ता काढण्याची आज्ञा आहे. पण तो टोपणपत्ता वेगळा. तो पत्र पाठवताना 'प्रेषक' म्हणून दाखवायचा पत्ता. पहिली आज्ञा दिल्यास त्या पत्त्यावर पत्रे येणे थांबते. दुसरी दिल्यास त्या नावाने पत्र पाठवता येत नाही. दुसऱ्या आज्ञेच्या वर्णनात आणखी एक वाक्य आहे: त्या पत्त्यासाठी केलेली पडताळणीही रद्द होते. हे एक वाक्य मोलाचे आहे. कारण त्यातून कृतीचे केवळ नाव नव्हे, तर परिणामही कळतो.

माणसासाठी लिहिलेल्या पत्रकात एक ओळ पुरेशी होती, हे मान्य केले पाहिजे. वाचणारा प्रशासक जाणकार असेल, असे गृहीत धरलेले होते. तीच ओळ जशीच्या तशी एजंटच्या साधनावर डकवली, तर 'जुने टोपणपत्ते साफ कर' एवढ्या आदेशावर तो नेमके काय पुसेल, याची शाश्वती देता येत नाही.

अ‍ॅटलासियनचा धडा

हा धोका काल्पनिक नाही आणि तो एआयच्या आधीपासूनचा आहे. 'अ‍ॅटलासियन' या ऑस्ट्रेलियन सॉफ्टवेअर कंपनीत ५ एप्रिल २०२२ रोजी एका जुन्या अ‍ॅपच्या प्रती ग्राहकांच्या संकेतस्थळांवरून काढायच्या होत्या. काम करणाऱ्या गटाला अ‍ॅपच्या क्रमांकांऐवजी अख्ख्या संकेतस्थळांचे क्रमांक दिले गेले. पुसण्याची आज्ञा दोन्ही प्रकारचे क्रमांक स्वीकारत होती. दिलेला क्रमांक बरोबरच असणार, असे तिने गृहीत धरले होते. आपण अ‍ॅप पुसतो आहोत की संपूर्ण संकेतस्थळ, याचा इशारा कोठेही मिळाला नाही. परिणामी अर्ध्या तासाच्या आत ७७५ ग्राहकांची संकेतस्थळे नाहीशी झाली. ती सर्व परत उभी करायला १४ दिवसांपर्यंत वेळ लागला.

या प्रकरणातील एक तपशील इथे विशेष लागू पडतो. संकेतस्थळांसोबत त्यांच्या प्रशासकांचे संपर्काचे पत्तेही पुसले गेले होते. त्यामुळे कोणाला कळवायचे, हेच कंपनीला सुरुवातीला समजेना. ग्राहकांनाही नेहमीच्या मार्गाने तक्रार नोंदवता येईना. पत्ता गेला, की चूक झाल्याचे सांगण्याची वाटही त्याच्यासोबत जाते. कंपनीने नंतर चौकशी अहवाल प्रसिद्ध केला. माहिती तत्काळ नष्ट न करता काही काळ राखून ठेवणारी 'सॉफ्ट डिलीट' पद्धत सर्वत्र लागू करण्याचे तिने त्यात मान्य केले.

तिथे चूक माणसांची होती. जुलै २०२५ मध्ये 'रेप्लिट' या सेवेवर जे घडले, त्यात एजंट होता. तंत्रज्ञान उद्योजक जेसन लेमकिन यांनी कोणतेही बदल करू नयेत, अशी सूचना दिलेली असतानाही एआय एजंटने त्यांचा प्रत्यक्ष वापरातील डेटाबेस पुसला. एवढेच नव्हे, तर माहिती परत आणता येणार नाही, असेही त्याने सांगितले. प्रत्यक्षात ती परत आणता आली. 'रेप्लिट'चे प्रमुख अमजद मसाद यांनी जाहीरपणे माफी मागितली आणि चाचणीचा व प्रत्यक्ष वापरातला डेटाबेस वेगळा ठेवण्याची व्यवस्था केली. आपल्या कृतीला परतीचा मार्ग आहे की नाही, हेही त्या एजंटला खात्रीने ठाऊक नव्हते. पुसणाऱ्या साधनाच्या वर्णनात सर्वप्रथम काय हवे, याचे उत्तर यातच दडले आहे.

वर्णनात काय असावे?

टोपणपत्ता काढणाऱ्या साधनाचे वर्णन साधारण असे असायला हवे: 'हे साधन दिलेला एकच टोपणपत्ता कायमचा काढते. मूळ खाते आणि त्यातील जुनी पत्रे तशीच राहतात. यापुढे त्या पत्त्यावर येणारी पत्रे पाठवणाऱ्याकडे परत जातील. काढलेला पत्ता परत मिळत नाही. पत्रे तात्पुरती थांबवायची असतील, तर हे साधन न वापरता निष्क्रिय करण्याचे साधन वापरावे. संपूर्ण पत्ता द्यावा. नावाचा काही भाग चालणार नाही. वापरकर्त्याने हाच पत्ता काढण्यास स्पष्ट संमती दिल्याशिवाय वापरू नये.'

या सात-आठ वाक्यांत काय पुसले जाते आणि काय राहते, परतीची वाट आहे का, कमी धोक्याचा पर्याय कोणता आणि परवानगी कोणाची, हे चारही प्रश्न मिटतात. जिथे पत्ता काही दिवस राखून ठेवला जातो, तिथे ती मुदत आकड्यांत लिहायला हवी. तो पत्ता पुढे दुसऱ्याला मिळू शकतो का, हेही नमूद केले पाहिजे.

कामानंतर मिळणाऱ्या उत्तराचाही वर्णनात समावेश हवा. समजा, एजंटने 'सेल्स' हा पत्ता काढण्याची आज्ञा दिली, ती पार पडली, पण नेटवर्क तुटल्याने पोच मिळाली नाही. एजंट पुन्हा प्रयत्न करील. आता साधनाने नुसतेच 'पत्ता सापडला नाही' असे कळवले, तर काम राहिले असे समजून तो मिळत्याजुळत्या नावाचा शोध घेईल आणि 'सेल्स-पुणे' हा चालू पत्ता पुसून मोकळा होईल. त्याऐवजी 'हा पत्ता आधीच काढलेला आहे. आणखी काही करू नये' असे उत्तर मिळाले, तर अनर्थ टळेल. एकच आज्ञा दोनदा दिली तरी परिणाम तोच राहावा, हे तत्त्व वेबच्या मूळ नियमांत पुसण्याच्या आज्ञेसाठी पूर्वीपासूनच आहे. एजंटच्या काळात ते शब्दांतही उतरवावे लागेल.

या सर्वांवर एक आक्षेप घेतला जातो आणि तो रास्त आहे. एजंटकडे डझनावारी साधने असतात. प्रत्येकाचे वर्णन पानभर असेल, तर एजंटचा वेळ, खर्च आणि गोंधळ वाढतो. शिवाय प्रत्येक पावलाला 'करू का?' असे विचारणाऱ्या यंत्राला माणूस न वाचताच 'हो' म्हणू लागतो. म्हणूनच सरसकट सर्व साधनांवर इशारे लिहून उपयोग नाही. नुसती यादी दाखवणाऱ्या साधनाला एक ओळ पुरे. पुसणाऱ्या साधनाला परिच्छेद हवा. परवानगी मागायची, तर ती 'पुढे जाऊ का?' अशी मोघम नको. 'हा पत्ता, या व्यक्तीचा, गेल्या महिन्यात त्यावर इतकी पत्रे आली. तो कायमचा काढायचा का?' असा नेमका प्रश्न हवा.

वर्णन म्हणजे कुलूप नव्हे

उत्तम वर्णन लिहिले, की जबाबदारी संपली, असा समज मात्र घातक ठरेल. 'मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल'च्या मार्च २०२५ च्या आवृत्तीत साधनांवर खुणा करण्याची सोय आली. साधन फक्त वाचते की बदलही करते, बदल विध्वंसक आहे का, दोनदा चालवल्यास परिणाम वाढतो का, हे त्या खुणांनी सांगता येते. साधनाच्या कर्त्याने काहीच सांगितले नाही, तर बदल करणारे साधन विध्वंसक आहे असे धरावे, हा त्यातील संकेत शहाणपणाचा आहे. परंतु या खुणा म्हणजे केवळ सूचना आहेत आणि अनोळखी स्रोताकडून आलेल्या खुणांवर विश्वास ठेवू नये, हेही तोच संकेत बजावतो. साधनाच्या वर्णनातच दगाबाज मजकूर दडवून एजंटला फसवता येते, हे 'इन्व्हेरियंट लॅब्ज'च्या संशोधकांनी एप्रिल २०२५ मध्ये दाखवून दिले.

ई-मेलच्या बाबतीत धोका दुहेरी आहे. कारण एजंट जी पत्रे वाचतो, ती कोणीही पाठवू शकतो. सुरक्षाविषयक सूचना ज्या टोपणपत्त्यावर येतात, तो काढून टाकावा, असा आदेश एखाद्या पत्रात बेमालूमपणे घातलेला असेल आणि पत्रे वाचणाऱ्या एजंटकडेच पुसण्याचे साधनही असेल, तर चोराने घरात शिरण्यापूर्वी घंटीची तार कापल्यासारखे होईल. सॉफ्टवेअर सुरक्षेच्या क्षेत्रातील 'ओवॅस्प' ही संस्था याला एजंटला दिलेले अवाजवी अधिकार म्हणते आणि त्याची तीन कारणे सांगते: गरजेपेक्षा जास्त साधने, गरजेपेक्षा जास्त परवानग्या आणि गरजेपेक्षा जास्त स्वातंत्र्य. पत्रे वाचणाऱ्या एजंटला पुसण्याचे साधन मुळात द्यायचेच नाही, हा उपाय कोणत्याही इशाऱ्यापेक्षा खात्रीचा. राखण्याची मुदत, एका वेळी एकच पत्ता काढण्याची मर्यादा, माणसाच्या संमतीची पायरी, ही कुलपे प्रोग्रॅममध्येच बसवावी लागतील. वर्णनाचे काम ती कुलपे कुठे आहेत हे प्रामाणिकपणे सांगण्याचे.

कायद्याच्या चौकटीत

भारतीय कंपन्यांच्या दृष्टीने या प्रश्नाला कायद्याचीही बाजू आहे. डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा, २०२३ नुसार नागरिकाला आपली माहिती पुसून घेण्याचा हक्क आहे. साहजिकच पुसण्याची साधने बनवणे आणि ती एजंटच्या हाती देणे वाढत जाणार. परंतु त्याच कायद्याने माहितीच्या भंगाची जी व्याख्या केली आहे, तिच्यात माहिती उघड होण्याबरोबरच ती चुकून नष्ट होणे किंवा तिच्यापर्यंत पोहोचता न येणे यांचाही समावेश आहे. सुरक्षेची वाजवी काळजी न घेतल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. कंपन्यांवरील मुख्य जबाबदाऱ्यांसाठी १८ महिन्यांचा अवधी देण्यात आला. संगणक प्रणालींतील नोंदी १८० दिवस जपून ठेवण्याचा 'सर्ट-इन'चा आदेश तर एप्रिल २०२२ पासूनचा आहे.

म्हणजे न पुसणे हा जसा दोष, तसाच चुकीचे पुसणे हाही दोषच. अशा वेळी 'एजंटने पुसले' हे उत्तर ग्राहकाचे समाधान करणार नाही. कोणत्या आदेशावरून, कोणत्या वर्णनाच्या आधारे आणि कोणाच्या संमतीने ही कृती झाली, याची नोंद मागितली जाईल. ती नोंद ठेवण्याची व्यवस्था साधनातच असली पाहिजे.

एजंट वापरू पाहणाऱ्या सामान्य ग्राहकालाही यात विचारण्याजोगे प्रश्न आहेत. माझ्या ई-मेलवर या एजंटला फक्त वाचण्याची परवानगी आहे की पुसण्याचीही? पुसलेले किती दिवसांत परत मिळते? पुसण्यापूर्वी मला विचारले जाईल का? या तीन प्रश्नांची सरळ उत्तरे ज्या सेवेच्या माहितीपत्रकात नाहीत, तिच्या हाती आपली टपालपेटी देण्याची घाई करू नये.

माहितीपत्रके लिहिण्याचे काम सॉफ्टवेअर उद्योगात नेहमीच दुय्यम मानले गेले. काम संपल्यावर, वेळ उरला तर, सर्वात नवख्या माणसाने करायचे काम, अशी त्याची ख्याती. एजंटच्या आगमनाने हा क्रम उलटला आहे. आता तेच शब्द यंत्र वाचते आणि त्यानुसार पुसते. त्यामुळे ते लिहिणाऱ्याचे नाव, तपासणाऱ्याची सही आणि बदलाची तारीख यांना इतर कोणत्याही जोखमीच्या कामाइतकेच महत्त्व द्यावे लागेल. एका वाक्याची कंजुषी किती महागात पडते, हे न पोहोचलेल्या पत्रांच्या मालकांना शिकवण्याची वेळ येऊ नये.